सासू-जावयाचा पाळणा

धोंड्याचा महिना लागला की आमच्याकडे जावयाचा देव होतो. एरवी तो माणूसच असतो, आणि काही घरांत तर माणसाहूनही जरा कमीच. पण या एका महिन्यात त्याला पाटावर बसवतात, त्याचे पाय धुतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि तेहतीस अनारशांचं ताट दिव्यासकट हातात देतात. जावई "कशाला एवढं, कशाला एवढं" म्हणत ताट घेतो. तीन वर्षांतून एकदा येणारी ही पूजा माझे वडील इतक्या धास्तीनं करत होते, की बघणाऱ्याला वाटावं, जावई नाराज झाला तर यंदा सोयाबीनला शेंगच धरायची नाही.

आमचा देव जाफराबादकडचा. ताईचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि तिचा हा पहिलाच धोंडा. दाजींचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. अंगानं भरदार, बोलायला कमी, हसायला बरे. माणूस म्हणून मला ते आवडायचे. देव म्हणून मात्र डोक्यात जायचे, कारण या देवाकडे एक मागणं मागायचं होतं आणि मागायची कुणाची छाती होत नव्हती.

मागणं ताईचं होतं. नर्सिंगची दोन वर्षं झाली आणि तिचं लग्न लागलं. शेवटचं वर्ष राहिलं. सुपारी फुटली तेव्हा दाजींकडच्या लोकांनी चार माणसांत सांगितलं होतं, की पोरीचं शिक्षण आम्ही पुरं करू. मग पेरणी आली, मग दिवाळी, मग तिच्या सासूबाईंचे गुडघे, मग पुन्हा पेरणी. दाजी कधीच नाही म्हणाले नाहीत. ते "बघू" म्हणायचे. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. बघू म्हणणाऱ्याला धरायचं कुठून? आता पुढच्या आठवड्यात जालन्याच्या कॉलेजात परत नाव घातलं नाही, तर ताईची जागा जाणार होती. हे तिनं मला शेतातल्या मोटारीवर धुणं धुताना सांगितलं आणि धुण्यावर असा राग काढला, की दाजींच्या सदऱ्याची बटणं उडून पाटात गेली.

"मंग बोल की त्यांच्याशी," मी म्हटलं.

"कुठं बोलू? तिकडं घर भरलेलं. हितं बाबा त्यांना एकटं सोडून राह्यले का?"

हे खरं होतं. दाजी नुसते चूळ भरायला उठले तरी वडील तांब्या घेऊन मागं. दाजी खाटेवर पडले की वडील पायथ्याशी बसून विचारणार, पंखा वाढवू का. मी वडिलांपाशी विषय काढून पाहिला. ते म्हणाले, "धोंड्याच्या महिन्यात जावयाला कोड्यात घालू न्हाई. महिना जाऊ दे." महिना गेला की जागाही जाणार, हे त्यांना कळत होतं. पण कळणं आणि बोलणं यांत आमच्या घरात बरंच अंतर आहे.

राहिली आई. आई गावातल्या बचत गटाची अध्यक्ष. अंगठ्याचा ठसा उमटेना म्हणून वैतागलेल्या बँकेच्या साहेबाला "मशीन तुमचं बिघडलंय, बोट माझं बराबर हाये" असं तोंडावर सुनावणारी बाई. पण आमच्यात सासू जावयाशी बोलत नाही. त्याच्यासमोर बसत नाही, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. दीड वर्षात आईनं दाजींशी एक शब्द काढला नव्हता. मध्ये मी असायचे. दाजी दोन हातांवर जेवायला बसलेले असायचे आणि आई मला म्हणायची, "तुझ्या दाजींना इचार, अजून एक धोंडा वाढू का." दाजी मला म्हणायचे, "मामींना सांग, बास." मी मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करायचे. नेहमी जसंच्या तसं करायचे असं मात्र नाही. एकदा दाजींचं "बास" मी "अजून दोन" करून पोचवलं. ते दोन्ही त्यांनी घाम पुसत खाल्ले. देवाचंही काही खरं नसतं.

तर घरात बोलणं होत नव्हतं. म्हणून मी पार्कचा विषय काढला.

आष्टीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक पार्क आहे. कुणा हौशी माणसानं कापसात चांगले पैसे झाले त्या साली आपल्या वावरात उभं केलं आणि नंतरच्या सालांत तसंच सोडून दिलं. तिथं एक मोठा उभा पाळणा चालतो, हे मला कॉलेजातल्या मैत्रिणींकडून ठाऊक होतं. एका पाळण्यात दोघंच बसतात. वर गेलं की वडील तांब्या घेऊन येऊ शकत नाहीत. ताईनं तिथं बोलायचं, असं आमचं ठरलं.

मी वडिलांना कोपऱ्यात गाठून सांगितलं, "दाजींना पार्क बघायची लई हौस हाये, पण ते संकोचून राह्यले." मग दाजींकडे गेले. "बाबांच्या मनात तुम्हाला पार्क दाखवायचंय. न्हाई म्हणू नका, त्यांचं मन मोडंल." दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली. दोघंही दात काढायला निघाल्यासारखी तोंडं करून जीपमध्ये बसले, आई, ताई अन् मी मागं, आणि रस्ताभर एकमेकांना सांगत राहिले, की आपल्याला किती आनंद होऊन राह्यलाय.

पार्कच्या फाटकावर सिमेंटचा एक डायनासोर आहे. त्याची शेपूट गेलेली आहे आणि आतल्या सळया बाहेर आल्यात. त्यांवर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. पाण्याच्या घसरगुंडीला पाणी नाही. तिच्या सावलीत बकऱ्या रवंथ करत बसल्या होत्या आणि माणसं आली म्हणून उठायची त्यांना काही गरज वाटली नाही. भूतबंगल्याला कुलूप. भूत सोयाबीन खुरपायला गेलंय, असं तिकीट देणाऱ्या माणसानं सांगितलं. तिकीट देणारा, टकरीच्या गाड्या चालवणारा आणि पाळणा फिरवणारा, सगळं तोच एक माणूस होता. परतूरचे एक चाचा, लुंगीवर, खांद्यावर रुमाल. गाणी मात्र एवढ्या मोठ्यानं लावली होती, की चाचांशी बोलायचं तर त्यांच्या कानात ओरडावं लागे.

वडिलांनी तिथंही पूजा सोडली नाही. टकरीच्या गाडीत जावयाला पहिलं बसवलं. ती गाडी फक्त मागं जायची. दाजी उलटे उलटे जात भिंतीला धडकले, तिथंच अडकले, आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून हसले. वडील कठड्याबाहेरून टाळ्या वाजवत होते. आई डोक्यावर पदर घेऊन जावयापासून नेमकी लांब उभी होती. जिथं जावई तिथं आई नाही, असा तिचा हिशेब. त्यामुळं एवढ्याशा पार्कमध्ये तिला सारखं चालावं लागत होतं.

मग पाळणा. मी ताईला चिमटा काढला. ती गेली, दाजींशेजारी बसली. चाचा आडवी दांडी लावणार, तेवढ्यात ती उठली.

"मला चक्कर येईल," म्हणाली आणि उतरलीच.

माझा जीव असा जळला. जालन्याला हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर कठड्यावर बसून फोटो काढणारी पोरगी, तिला पाळण्यात चक्कर? चाचा खोळंबले. "अकेले को नै बिठाते. पाळना हिलता. आओ कोई भी, जल्दी." वडील पुढं व्हायला लागले. ते बसले असते तर वरसुद्धा जावयाला पंखा वाढवू का विचारलं असतं. आई ताईची पिशवी सांभाळत अगदी पाळण्यालगत उभी होती, कारण जावई एकदाचा पाळण्यात बसलाय म्हणजे खाली मोकळं, असं तिला वाटलं होतं. मी तिला ढकललं. ढकललं म्हणजे अगदी ढकललंच. "आई, बस की," म्हणून दोन्ही हातांनी. चाचांनी सवयीनं दांडी खाली घेतली, खटका दाबला, आणि माझी आई आयुष्यात पहिल्यांदा जावयाच्या मांडीला मांडी लावून आभाळात निघाली.

आईनं वर जाताना माझ्याकडे टाकलेली नजर मला अजून आठवते. वडिलांचं तोंड उघडं ते उघडंच. ताई म्हणाली, "तुला काही अक्कल?" पाळणा एक फेरी फिरला. दोघं पाळण्याच्या दोन टोकांना सरकून, एक पूर्वेला बघतोय, एक पश्चिमेला. दुसऱ्या फेरीला ते अगदी माथ्यावर होते, तेव्हा लाईट गेली.

पाळणा थांबला. गाणीही बंद पडली. एवढा वेळ कानात बसलेला तो आवाज गेल्यावर पार्कमध्ये अशी शांतता झाली, की बकरी चघळतेय तेही ऐकू यायला लागलं.

"जनरेटर हाये ना?" वडिलांनी विचारलं.

"है ना. डिझेल नै है. आदमी आष्टी को गया लाने," चाचा म्हणाले आणि स्टुलावर बसून त्यांनी रुमालानं वारा घ्यायला सुरुवात केली.

वरून दाजींचा आवाज आला. मोठ्यानं नाही, पण त्या शांततेत शब्द न् शब्द खाली उतरला. "मामी, हे पडंल का?"

आईनं सवयीनं खाली माझ्याकडे पाहिलं, जणू एवढ्या उंचावर मी निरोप पोचवायचा. मी दोन्ही हात पसरून दाखवले. आता तुझं तू बघ.

वारा सुटला आणि पाळणा हलला. दाजींनी डोळे घट्ट मिटून आईचा दंड धरला. जावयानं सासूचा दंड धरलेला वडिलांनी पाहिला आणि त्यांनी चटकन डायनासोरकडे तोंड फिरवलं.

"डोळे उघडू नका," आई म्हणाली. दीड वर्षातलं तिचं पहिलं वाक्य. "मला धरा. मी धरलंय दांडीला. कवापासून भेता?"

"ल्हानपणापासून. हिरीत बी वाकून पाहत न्हाई मी."

"मंग बसले कशाला?"

"मामांची इच्छा होती ना, पार्कची."

"त्यांची कशाची इच्छा? तुमची इच्छा म्हणून आले ते. कालपासून कंबर धरून राह्यली त्यांची."

मग आईनं खाली पाहिलं. इकडे वडिलांनीही मान वळवली. मी एका बकरीला पाला घालण्यात एकदम गुंतून गेले.

मला वाटलं, आता आई माझ्या नावानं सुरू करणार. पण तिनं मला बाजूला ठेवलं. वर अडकलेल्या बाईला खाली ऐकू जातंय याची कल्पना नव्हती. गाणी बंद पडलीत, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"एक इचारू? पोरीला का धाडत न्हाई शिकायला?"

"मामी, आता हे इथं..."

"इथंच. खाली उतरले की मला बोलता येत न्हाई."

ताईनं माझा हात धरला. तिची नखं रुतली तरी मी हात सोडवला नाही.

दाजी डोळे मिटूनच सुरू झाले, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेनात. "मी बारावी. तेबी कसातरी. ती शिकली की दवाखान्यात राहील, डॉक्टर लोकांत. इंग्रजीत बोलतील सगळे. मी दुकानात खताच्या गोण्या उचलून राह्यलो. अंगाला युरियाचा वास. घरी म्हणते आई, गुडघे दुखतेत, पेरणी हाये, मी बी तेच सांगतो. पर खरं ते न्हाई. मला वाटतं, ती गेली की मंग परत कशाला यील?"

मी ताईकडे पाहिलं नाही. बघवेना. चाचासुद्धा वारा घ्यायचे थांबले होते.

आई एकदम समजूत घालायला लागली नाही. आधी तिनं त्यांचा आपल्या दंडावरचा हात नीट धरला. मग म्हणाली, "आमच्या ह्यांचं बी असंच झाल्तं."

वडिलांनी मान ताठ केली.

"मी गटाची अध्यक्ष झाले तवा आठ दिवस धड जेवले न्हाईत. रोज इचारायचे, बँकेत तुझ्याशी कोण कोण बोलतं. एक दिवस तर माझ्या मागं मागं बँकेपर्यंत आल्ते. लिंबाच्या झाडाआड उभे. मी पाहिलं, पर दाखवलं न्हाई."

"मामा?" दाजींनी चक्क एक डोळा उघडला.

"मामाच. ते मोठ्यानं बोलतेत ना, ते सगळं भीतीचं हाये."

चाचांनी रुमाल तोंडावर धरला, पण खांदे हलायचे ते हललेच. वडील डायनासोरच्या सळया तपासत होते, गंज कुठवर गेलाय वगैरे. त्यांचे कान मागून लाल दिसत होते.

"मंग काय झालं?" दाजींनी विचारलं.

"काय व्हायचं? मी बँकेतून आले अन् भाकरी टाकल्या. रोज येतेच की घरी. शिकलेलं माणूस बी घरीच येतं, पाव्हणे. यावं वाटलं तर अडाणी बी येतं, न्हाई वाटलं तर अडाणी बी जातं." मग जरा थांबून, "तुमच्या युरियाच्या वासाचं पोरीनं मला कधी सांगितलं न्हाई. तुम्ही तिला भाजीत मीठ कमी पडलं तर बोलत न्हाई, ते मात्र सांगितलं."

डिझेल आणायला गेलेला माणूस पोचायच्या आधी लाईटच आली. गाणी कानफाडीत मारल्यासारखी सुरू झाली आणि पाळणा हळूहळू खाली आला. दांडी वर झाली तशी आईनं आधी पदर ओढला, मग पाय जमिनीवर ठेवला, आणि जावयाकडे पाठ करून तडक पाण्याच्या माठाकडे निघून गेली. दाजी उतरले. त्यांनी आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, मग मला विचारलं, "खाली काही ऐकू येत होतं का गं?"

"गाण्यात काय ऐकू येतंय?" मी म्हटलं.

त्यांनी भोंग्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, आणि मग सळया तपासणाऱ्या सासऱ्याकडे. त्यांच्या तोंडावरचा देव तेवढ्यात उतरला. ते नुसते उभे राहिले, चोरी पकडलेल्या पोरासारखे, आणि मला त्यांची अशी दया आली, की थट्टा करायची राहूनच गेली.

ताई पुढं झाली. आता ही भांडणार, असं मला वाटलं. भांडायचा तिचा हक्कच होता. दीड वर्ष गुडघ्यांच्या आणि पेरणीच्या नावाखाली तिला फसवलं होतं. मी तर तिच्या बाजूनं चार वाक्यं जुळवूनही ठेवली होती.

"मलाबी भीती वाटून राह्यली," ती म्हणाली.

दाजींनी मान वर केली.

"दीड वर्षात सगळं इसरले मी. सुई कशी धरायची तेबी आठवंना. माझ्या वर्गातल्या पोरी आता नोकरीला लागल्या, मी त्यांच्या मागच्या पोरींत जाऊन बसायचं. तुम्ही 'बघू' म्हणायचे ना, तवा मी घरभर राग राग करायची. पर आतून मला बरं वाटायचं. बोल आपल्यावर न्हाई आला, तुमच्यावर गेला म्हणून. आत्ता पाळण्यातून उतरले ते चक्कर येईल म्हणून न्हाई. मी इचारलं अन् तुम्ही हो म्हणले, तर काय करू, म्हणून उतरले."

ही गोष्ट तिनं मलाही सांगितली नव्हती. तिच्यासाठी एवढ्या लटपटी करून मी सगळ्यांना इथवर आणलं आणि तिच्या पोटात काय होतं ते मला माहीतच नव्हतं, याचा मला राग आला. तो राग कुणावर काढावा ते मात्र कळेना.

गाणी चालूच होती, त्यामुळं मला आणखी जवळ सरकावं लागलं. मी सरकले.

"मंग?" दाजी म्हणाले. "जायचं का न्हाई?"

"जायचं."

"कधी?"

"सोमवारी."

दाजींनी तोंडावरून हात फिरवला. "मी यीन सोडायला. पर मला त्या कॉलेजातलं काही माहीत न्हाई. कुणाला भेटायचं, कुठं बसायचं, कुणाशी काय बोलायचं."

"तुम्ही नुसतं माझ्यासंग चला," ताई म्हणाली. "मी सांगते."